बाराशे रुपयांसाठी पुणं गाठायचं का?

नाशिकरोडला राहणाऱ्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्या देवळालीकडच्या एका लष्करी आस्थापनेत सिव्हिलियन कर्मचारी आहेत. ऑगस्ट २०१३ मध्ये एलडीसी (कनिष्ठ लिपिक) म्हणून लागल्या, दहा वर्षं भरल्यावर एमएसीपी, म्हणजे पदोन्नतीशिवाय ठरावीक वर्षांनी मिळणारी वरची वेतनश्रेणी, मिळून लेव्हल २ मधून लेव्हल ३ मध्ये गेल्या. आज मूळ वेतन २९,३०० रुपये आहे. आता यूडीसी (वरिष्ठ लिपिक) म्हणून पदोन्नतीचा आदेश निघाला आहे, लेव्हल ४. पण जागा पुण्यात आहे आणि मार्च २०२६ मध्ये हजर व्हायचं आहे. सहकाऱ्यानं हिशोब करून दिला: मूळ वेतन ३०,५०० होईल, म्हणजे वाढ बाराशेची. यजमान अंबडच्या कारखान्यात शिफ्टमध्ये, मुलगा नववीत, सासूबाईंचे गुडघे दुखरे. जिल्हा परिषदेत असलेल्या नणंदेला जागेवरून न हलता वरची श्रेणी मिळाली, तशी तुलाही वीस वर्षांनी मिळेलच, असं घरचे म्हणतात. शिवाय आठवा आयोग आला की सगळ्यांचेच अडीचपट होणार, मग एवढ्यासाठी घर कशाला सोडायचं? शेजारच्या लष्करी हवालदारांचा पगार आपल्यापेक्षा जास्त आहे, याचीही पत्रात खंत आहे. नकार कळवला तर काही नुकसान होईल का, हा त्यांचा प्रश्न.

ताई,

तुमच्या सहकाऱ्यानं केलेलं फिक्सेशन, म्हणजे नव्या पदावरचं वेतन ठरवण्याचा हिशोब, मी तपासला. तो एरवी बरोबर ठरला असता, पण तुमच्या बाबतीत नाही. पदोन्नतीत एरवी आधी चालू लेव्हलमध्येच एक वेतनवाढ देतात, पण तुम्हाला ती एमएसीपीच्या वेळी मिळून गेली आहे, म्हणून आता पुन्हा मिळत नाही. आजचे २९,३०० च वेतनतक्त्यातल्या नव्या लेव्हलच्या रकान्यात शोधायचे. ते नसतील तर लगतचा वरचा आकडा. लेव्हल ४ मध्ये २८,७०० आहे आणि त्यानंतर थेट २९,६००. म्हणून २९,६००, म्हणजे वाढ बाराशेचीही नाही, तीनशेची! तरी एवढी मदत करणारा माणूस शेजारच्या टेबलावर असेल तर त्याला चहा पाजत जा. फक्त त्यांनी पहिल्या महिन्याचा आकडा काढून कागद घडी करून ठेवला, आणि घरच्यांनी त्या एका आकड्यावर सगळा निर्णय उभा केला.

पहिली गोष्ट, मूळ वेतनातली वाढ म्हणजे पगारातली वाढ नव्हे. हिशोबाला जुलै २०२५ पासूनचा ५८ टक्के महागाई भत्ता धरू. नाशिक घरभाड्यासाठी वाय वर्गात येतं, म्हणजे २० टक्के. पुणं एक्स वर्गात, ३० टक्के. वाहतूक भत्त्यातही फरक आहे: तुमच्या लेव्हलला नाशिकमध्ये १,८०० अधिक त्यावर महागाई भत्ता, पुण्यात ३,६०० अधिक महागाई भत्ता. आज कपातींआधी तुमच्या हातात साधारण ५४,९९८ रुपये पडतात. पुण्यात २९,६०० वर ते ६१,३३६ होतील. फरक साधारण सव्वासहा हजारांचा.

लगेच हुरळून जाऊ नका. या सव्वासहा हजारांतला मोठा वाटा पुण्याचा आहे आणि तो पुणंच परत घेईल: खोलीचं भाडं, डबा, दर शनिवारी सिन्नर-संगमनेरमार्गे येणारी एसटी आणि रविवारी संध्याकाळी परतीची. नाशिक-पुणे थेट रेल्वेमार्ग अजून कागदावरच धावतो. तुम्ही एकट्या गेलात तर महिन्याकाठी शिल्लक फारशी वाढणार नाही, हे गृहीत धरूनच पुढचं वाचा. माझा मुद्दा या सहा हजारांचा नाहीच.

    

             

  

मुद्दा आहे "वीस वर्षांनी मिळेलच" या समजाचा. तुमच्या पत्रातला सगळ्यात महागडा समज हा आहे.

एलडीसीच्या वाटेत एक विचित्र खड्डा आहे. पदोन्नती मिळाली तर लेव्हल २ वरून थेट लेव्हल ४. पण एमएसीपी मिळाली तर फक्त लगतची लेव्हल, म्हणजे ३. जुन्या भाषेत १,९०० चा ग्रेड पे २,००० होतो, २,४०० नाही. कर्मचारी संघटना यावर वर्षानुवर्षं ओरडताहेत, आणि माझ्या मते त्यांचं म्हणणं रास्त आहे. पण नियम आज असा आहे. एमएसीपी १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेवर मिळते आणि प्रत्येक वेळी एकच लेव्हल वर नेते. तुम्ही पदोन्नती घेतलीत तर ती तुमच्या पहिल्या एमएसीपीच्या जागी धरली जाईल आणि वीस वर्षं भरल्यावर, ऑगस्ट २०३३ मध्ये, दुसरी एमएसीपी लेव्हल ५ देईल. २९,२०० पासून सुरू होणारी. नकार दिलात तर त्याच टप्प्यावर तुम्हाला लेव्हल ४ मिळेल. जिथे तुम्ही २०२६ मध्ये पोचू शकता, तिथे.

आणि तेसुद्धा ऑगस्ट २०३३ मध्ये नाही. नकार दिल्यावर एक वर्ष नवीन पदोन्नतीचा प्रस्ताव येत नाही. त्या काळात तुमच्या खालचे वर गेले तर यूडीसीच्या यादीत ते कायमचे तुमच्या पुढे. आधी मिळालेली लेव्हल ३ काढून घेत नाहीत, ती भीती बाळगू नका. पण पुन्हा पदोन्नतीला तयार असल्याचं तुम्ही कळवेपर्यंत पुढच्या एमएसीपीचा विचार होत नाही, आणि ती तेवढ्या काळानं पुढे ढकलली जाते. म्हणजे २०३४. वर एपीएआरमध्ये (वार्षिक कामगिरी अहवालात) "व्हेरी गुड" लागतो, ही अट २०१६ पासून आहेच. पहिली एमएसीपी मिळण्याआधी नकार दिला असता तर तीही हातची गेली असती. हे तुमच्यासाठी नाही, तुमच्यानंतर नोकरीला लागलेल्या ज्युनिअर मुलींना सांगायला लिहितो आहे.

म्हणून "नकारानं काही नुकसान आहे का" याचं उत्तर: हो. एक अख्खी लेव्हल, साधारण आठ वर्षांसाठी. आणि त्यानंतरही तुम्ही एक पायरी मागेच.

नणंदबाईंचं काय? त्यांचं उदाहरण खोटं नाही, पण ते राज्याचं आहे. आकडे सारखे दिसतात म्हणून घोळ होतो. राज्यातली एस-६ म्हणजे १९,९०० पासून, तुमच्या लेव्हल २ सारखी; एस-८ म्हणजे २५,५०० पासून, तुमच्या लेव्हल ४ सारखी. कनिष्ठ सहायक एस-६ मध्ये, वरिष्ठ सहायक एस-८ मध्ये. फरक योजनेत आहे. राज्याच्या आश्वासित प्रगती योजनेत साधारणपणे पदोन्नतीच्या पदाची श्रेणी मिळते, त्यामुळे नणंदबाई एस-७ ला न थांबता एस-८ मध्ये गेल्या असणार. तुमच्याकडे एमएसीपी पदोन्नतीचं पद बघत नाही, मॅट्रिक्समधला, म्हणजे वेतनतक्त्यातला, पुढचा रकाना बघते. त्यांना घरबसल्या जे मिळालं ते तुम्हाला पदोन्नती घेऊनच मिळतं. जेवणाच्या ताटावर ही गोष्ट नीट समजावून सांगा, वाद न घालता. त्यांनी तुमच्या भल्यासाठीच सांगितलं असेल.

आठव्या आयोगाबद्दल थोडक्यात. केंद्र सरकारनं जानेवारी २०२५ मध्ये मंजुरी दिली, ऑक्टोबर २०२५ मध्ये कार्यकक्षा ठरली, न्यायमूर्ती रंजना देसाई अध्यक्ष आहेत आणि अहवालाला अठरा महिन्यांची मुदत आहे. गुणक काय असेल हे आज कोणीही सांगू शकत नाही, मोबाईलवर फिरणारे तक्ते काहीही म्हणोत. पण "अडीचपट" शब्दाची गंमत बघा. सातव्या आयोगात २.५७ नं गुणलं, ७,००० च्या किमान वेतनाचे १८,००० झाले. लोकांनी पेढे वाटले. मात्र १ जानेवारी २०१६ ला महागाई भत्ता १२५ टक्के होता. म्हणजे त्या ७,००० वर हातात आधीच १५,७५० पडत होते. खरी वाढ १४ टक्क्यांच्या जरा वर. बाकी सगळा जुना महागाई भत्ता मुळात मिसळला, आणि नवा भत्ता शून्यापासून सुरू झाला. शिवाय गुणक कितीही येवो, तो तुमच्या त्या दिवशीच्या मूळ वेतनालाच लागतो. आयोग मागे राहिलेल्याला पुढच्याच्या बरोबरीला आणत नाही.

हवालदारांशी तुलना सोडा, ती मनस्तापाशिवाय काही देत नाही. त्यांचा मॅट्रिक्स वेगळा, त्यात दरमहा ५,२०० रुपये मिलिटरी सर्व्हिस पे असतो, जो सिव्हिलियनला नाही. त्याच्या बदल्यात बहुतेक जवान पन्नाशीच्या आत घरी येतात, तुम्ही साठीपर्यंत नोकरीत. आणि कुठल्या रात्री कुठे उभं राहायचं, हे ते ठरवत नाहीत.

इतके आकडे मांडल्यावर मला तुम्हाला एक विचारायचं आहे. पत्रात यजमानांचं मत आहे, नणंदेचं आहे, सासूबाईंच्या गुडघ्यांचं आहे, सहकाऱ्याचा हिशोब आहे. तुम्हाला यूडीसीच्या टेबलावर बसायचं आहे की नाही, हे मात्र एकदाही लिहिलेलं नाही. बाराशेचा आकडा सगळ्यांना सोयीचा होता. त्यामुळे कोणाला "तू जाऊ नकोस, आम्हाला जमणार नाही" असं स्पष्ट म्हणावं लागलं नाही, आणि तुम्हालाही "मला जायचंय" किंवा "मला नाही जायचं" म्हणावं लागलं नाही. आता तो आकडा बाजूला झाला आहे. शिफ्ट सांभाळणारा नवरा, दहावीत जाणारा मुलगा आणि जिना न चढू शकणाऱ्या सासूबाई ही नकाराची पुरेशी, मानाची कारणं आहेत. त्यासाठी पगार क्षुल्लक ठरवायची गरज नाही. किंमत माहीत असताना दिलेला नकार आणि बाराशे समजून दिलेला नकार, यांत पाच वर्षांनी फरक पडतो, विशेषतः तुमची ज्युनिअर तुमच्या बिलावर सही करायला लागली की.

मला विचाराल तर मी जा म्हणेन, पण मार्चमध्येच नाही. हजर होण्यासाठी मुदतवाढ मागा, मुलाच्या नववीच्या परीक्षेचं कारण देऊन. मिळेलच असं नाही, पण मागणं गैर नाही.   

मुलाच्या दहावीसाठी चाइल्ड केअर लीव्ह आहे, पूर्ण सेवेत ७३० दिवस, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत, आणि परीक्षा हे त्याचं मान्य कारण आहे. पहिले ३६५ दिवस पूर्ण पगारी, नंतरचे ८० टक्के. कॅलेंडर वर्षात तीन टप्प्यांपर्यंत घेता येते. ती हक्क म्हणून मिळत नाही, मंजूर करून घ्यावी लागते. म्हणून पुण्यात पहिल्या आठवड्यातच साहेबांच्या कानावर घाला की २०२७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लागेल. ऐन परीक्षेच्या तोंडावर अर्ज टाकणाऱ्यांची रजा अडते.

नाशिकला परत येण्याची वाट कायमची बंद होत नाही. तुमच्याच केडरमध्ये (सेवागटात), तुमच्याच सीनिऑरिटी युनिटमध्ये (एकच ज्येष्ठता यादी असलेल्या कार्यालयांत) देवळाली-नाशिकरोडला यूडीसीची जागा कधी रिकामी होतेय, कोण निवृत्त होतंय, पुण्याहून कोणाला इकडे यायचंय, याची चौकशी जाण्याआधीच करून ठेवा. म्युच्युअलसाठी, म्हणजे आपसातल्या बदलीसाठी, माणूस आधी शोधलेला बरा. ओझरला जागा आहे असं कोणी सांगेल. ती हवाई दलाची, केडर वेगळं, तिथे जीव अडकवू नका.

नकारच द्यायचा ठरला तर तोंडी "बघू" म्हणत दिवस काढू नका. लेखी द्या, खरी घरची कारणं लिहा, पुरावे जोडा, सासूबाईंच्या डॉक्टरांचा कागदही. कारण नकार मान्य करायचा की नाही हे नियुक्ती प्राधिकारी ठरवतात. कारणं पटली नाहीत तर पदोन्नतीचा आदेश बजावला जाऊ शकतो आणि मग न जाणं शिस्तभंगात मोडतं. "वाढ फार कमी आहे" हे कारण चुकूनही लिहू नका. आणि वर्ष संपताच पुन्हा पदोन्नतीस तयार असल्याचं पत्र द्या, नाहीतर २०३४ ची एमएसीपीही लांबेल.

पेन्शनचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो दूरचा वाटतो. तुम्ही २००४ नंतरच्या, त्यामुळे जुनी पेन्शन नाही. एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) असाल तर दरमहा मूळ आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के तुमचे आणि १४ टक्के सरकारचे जमा होतात. मूळ वाढलं की दोन्ही वाढतात. युपीएस (युनिफाइड पेन्शन योजना) निवडली असेल तर २५ वर्षांच्या सेवेनंतर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मं. दोन्हीकडे लेव्हलचा फरक निवृत्तीपर्यंत तुमच्यासोबत येतो.

गेलात तर नवं वेतन कसं ठरवलं आणि पुढची वेतनवाढ कधी, हे ऑफिसकडून लेखी घ्या. तो कागद घरी ठेवा. पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे कार्यालयाच्या नोंदींच्या आदेशात, त्याची नोंद आली का, आणि सर्व्हिस बुकात २९,६०० चा आकडा चढला का, हे स्वतः उघडून बघा. नोंद चुकली आणि पाच-सात वर्षांनी लक्षात आली तर वसुलीचा किंवा थकबाकीचा पत्रव्यवहार निवृत्तीपर्यंत पुरतो. सहकाऱ्याला हा कागद दाखवा. त्यांचं गणित पक्कं आहे, पाच मिनिटांत पडताळून देतील.